भूपाल आण्णांच्या गाडीतला भुंगा

गाडी उभी असली की गप. हळू चालली तरी गप. पण जरा सरळ रस्ता मिळाला आणि भूपाल आण्णा मगदुमांनी पाय दाबला, की खालून सुरू व्हायचं. घूंऽऽऽऽ! रिकाम्या घागरीत भुंगा शिरावा आणि वर कुणीतरी ताटली झाकावी, तसं. आणखी पाय दाबला की भुंगा वरच्या पट्टीत जायचा. पाय उचलला की खाली यायचा, पण उठून जायचा नाही. जावयासारखा बसून राहायचा.

गाडी जुनी होती. संस्थान मुंबई सरकारात गेलं, तशा जहागीरदारांच्या दारातल्या मोटारी एकेक करून बाजारात आल्या, त्यातलीच ही एक. कितीला घेतली ते विचारू नका. आण्णांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. शाहूपुरीत गुळाची अडत असलेला माणूस खरा आकडा सांगायला लागला, तर त्यानं दुकानाला कुलूप घालून सरळ बाहुबलीच्या डोंगरावर जाऊन बसावं.

आता दुसऱ्या कुणाच्या गाडीत असा आवाज निघता, तर शुक्रवार पेठेतली माणसं हळहळली असती. पण ही गाडी आण्णांची. आणि आण्णा म्हणजे कोल्हापुरातला अव्वल नंबरचा खोडकर माणूस. वय पन्नाशीकडं झुकलेलं, कानावरचे केस पिकलेले, पण दुसऱ्याची फजिती करायची म्हटली की डोळ्यांत चौदाव्या वर्षाची चमक. त्यामुळं आवाज ऐकला की लोक हसायचे आणि म्हणायचे, "आण्णांनी काय तर बशीवलंय गाडीत! त्या आवाजाला इचारू नगा, अडकशीला."

खरोखर दुखत असताना कुणी 'सोंग छान आहे' म्हणावं, तसं आण्णांचं झालं होतं.

आवाजाचं खरं कारण पहिल्याच आठवड्यात एकानं सांगितलं होतं. शेजारचे त्र्यंबक तात्या. हायस्कुलात भूमिती शिकवायचे. काळी टोपी, हातात छत्री, बोलणं फूटपट्टीनं आखल्यासारखं. ते गाडीभोवती एक फेरी मारून, खाली वाकून म्हणाले, "आण्णा, मागचं डावं चाक बघा. तो टायर लढाईच्या मालातला दिसतोय. चिखलात चालायला केलेला. नांगरटीसारखे खळगे आहेत त्याला. डांबरी रस्त्यावर तो घुमणारच. टायर बदला, आवाज जाईल."

इतकं सरळ. आण्णांच्या जागी तुम्ही असता तर टायर बदलून मोकळे झाला असता. पण तुम्ही तात्यांच्या दारात विंचू चावलेली माणसं गोळा केली नव्हती. आण्णांनी केली होती. आदल्या पावसाळ्यात, आठवड्याच्या बाजारात त्यांनी सहज पुडी सोडून दिली, की शुक्रवार पेठेतले मास्तर जमिनीवर खडूनं त्रिकोण काढतात आणि विंचू उतरवतात. झालं! दुसऱ्या बाजाराला तात्यांच्या दारात बैलगाड्यांची रांग. कुणी अंगठा धरलेला, कुणी पोटरी. तात्या बिचारे ओरडून सांगतायत, "अहो, मी पायथागोरस शिकवतो!" आणि एक म्हातारी हात जोडून म्हणतीय, "काय बी शिकवा बापा, पर लवकर शिकवा. ठणका डोक्यात चाललाय."

तेव्हा आण्णांनी विचार केला. ज्या माणसाचा आपण असा बट्ट्याबोळ केला, तो आपल्याला खरं सांगेल? त्याच्या जागी मी असतो तर सांगितलं असतं? छ्या! म्हणजे मागचं डावं चाक सोडून दुसरं काहीही असेल.

हे त्यांनी मनात ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण आण्णांनी बिंदू चौकातल्या चहाच्या हॉटेलात, भर गर्दीत मांडी थोपटून सांगितलं. "तात्या मला टायर बदलाय सांगतंय! मला! आरं, खोडी काढायची तर जरा डोकं लावून काढावी माणसानं!"

लोक हसले. तात्या तिथंच कोपऱ्यात चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि उठून उभे राहिले. गरीब माणूस चिडला की फार सावकाश बोलतो.

"आण्णा, पैज लावायची का?"

"लावा की! भितोय काय मी?"

"येत्या पौर्णिमेला मी तुमच्या शेजारी बसणार. गाडी आपल्या पेठेतून निघेल ती बिंदू चौकात थांबेल. सरळ रस्त्याला नीट वेगानं चालवायची. वाटेत एका जरी माणसानं आवाजाबद्दल विचारलं, तर तुम्ही हरलात."

"हरलो तर?"

"तर चौकात उभं राहून सांगायचं, आजपासून खोड्या बंद. जन्मभर."

भजी तळणाऱ्यानं झारा वरच्यावर धरला. आण्णांच्या खोड्या बंद म्हणजे रंकाळ्यातलं पाणी बंद. आण्णांनीही एकदा दाराकडं बघून घेतलं. पण मागं सरायचं त्यांच्या घराण्यात नव्हतं, आणि असलं तरी इतक्या माणसांसमोर नव्हतं.

"आन जिंकलो तर?"

"तर मी दर बाजारच्या दिवशी दारात बसून विंचू उतरवीन."

"ठरलं!" आण्णांनी टेबलावर असा हात मारला की दोन कप जागीच गेले.

घरी आल्यावर राजमतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाल्या, "टायर बदला की मग."

"तूबी त्याच्याच बाजूची?"

"मी कुणाच्या बाजूची न्हाई. बसदीला दर्शनाला जाताना तुमच्या गाडीत बसलो, तर आतलं पंडित दारात येऊन बघाय लागलं काय आलं म्हून. मी आता चालत जातो."

आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. बदलणार नाही म्हणजे नाही. आवाज शोधायचा, पण तात्याच्या चाकात सोडून.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. जोतीराम मिस्त्रीनं गाडीखाली जाऊन अर्धा तास ठोकाठोकी केली आणि काळं तोंड बाहेर काढून सांगितलं, "बेरिंग गेलंय." बेरिंग बदललं. भुंगा तसाच. मग म्हणाला, "बेरिंग चांगलं हुतं, आता वंगण कमी पडतंय." वंगण इतकं भरलं की गाडी जाईल तिथं रस्त्यावर पत्ता सोडायला लागली. भुंगा तसाच. मग मिस्त्री दाढी खाजवत म्हणाला, "आण्णा, काय गाड्यांचा गळाच तसला आसतोय."

दूध घालणाऱ्या बायडाबाईनं तर लांबूनच निकाल दिला. "दिष्ट लागलीया. दुसरं काय न्हाई." तिनं पुढच्या बाजूला लिंबू-मिरची बांधली, मागं काळी बाहुली बांधली, आणि वर एक जुनी चप्पल. आता भुंग्याच्या जोडीला चप्पल पत्र्यावर ठेका धरायला लागली. घूंऽऽऽ, फट फट, घूंऽऽऽ, फट फट. पेठेतलं भजनी मंडळ म्हणालं, आण्णा, गुरुवारी जरा दारात फिरवा की, पेटी दुरुस्तीला गेलीया. आण्णांनी त्याच दिवशी चप्पल उपटून टाकली.

तशात सरकारी लचांड आलं. गाडीवर संस्थानी नंबर होता, तो बदलून मुंबई सरकारचा घ्यायचा होता. मोटारींच्या हाफिसात गाडी दाखवायला नेली. साहेबानं शेजारी बसून चक्कर मारली आणि परत खुर्चीत बसल्यावर विचारलं, "हा आवाज कशाचा?"

"आसाच हाय," आण्णा म्हणाले.

"असाच म्हणजे? गाडीबरोबर मिळाला, का तुम्ही नंतर बसवलात?"

"साहेब, आवाज कोण बशीवतंय?"

"बसवला असेल तर वेगळी परवानगी लागते. मिळाला असेल तर मूळ मालकाचा दाखला लागतो. आपोआप आला असेल तर..." साहेबानं बराच वेळ छताकडं पाहिलं. "तर तो कुठल्या कलमात बसतो हे वर विचारावं लागेल. तोवर तात्पुरती चिठ्ठी देतो. पण आवाज वाढवू नका."

आण्णा चिठ्ठी घेऊन बाहेर आले. आयुष्यभर त्यांनी लोकांना असल्या चक्रात घातलं होतं. पण पगार घेऊन, तोंड गंभीर ठेवून, खुर्चीत बसून हे करता येतं, हे त्यांना आजच कळलं. त्यांना त्या साहेबाबद्दल फार आदर वाटला.

पौर्णिमा जवळ यायला लागली. शेवटी आण्णांनी ठरवलं, की हा प्रश्न मिस्त्रीचा नाही, बायडाबाईचा नाही, सरकारचा तर नाहीच. हा प्रश्न गुळाच्या बाजारातल्या माणसांनी सोडवायचा. गुळाची ढेप नुसती नखानं खरवडून कुठल्या गावच्या गुऱ्हाळाची ते सांगणारी माणसं! त्यांनी चार व्यापारी गोळा केले. पुढारी गोमटेश. चौघांत सगळ्यात जाड तो, म्हणून त्याला मागच्या बाजूला घातलं. पुढं दोघं, मागं दोघं, प्रत्येकानं आपल्या बाजूच्या चाकाकडं कान लावायचा. रंकाळ्याच्या बाजूला गाडी सोडायची. आणि नंतर निकाल द्यायचा तो बाजाराच्या रीतीनं, रुमालाखाली.

ही रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजारात सौदा तोंडानं होत नसे. अडत्या हातावर रुमाल टाकायचा, घेणारा खालून हात घालून बोटं दाबायचा. जितकी बोटं तितका भाव. शेजाऱ्याला कळत नाही, चेहऱ्यावर दिसत नाही. आण्णांनी ठरवून दिलं. एक बोट म्हणजे पुढचं डावं चाक, दोन म्हणजे पुढचं उजवं, तीन म्हणजे मागचं उजवं, चार म्हणजे मागचं डावं. एकाचं ऐकून दुसऱ्यानं मान डोलवायला नको. आण्णांना स्वतःच्याच हुशारीचा असा काही अभिमान वाटला, की त्यांनी गाडी सुरू करताना मिशी दोनदा पिळली.

गाडी निघाली. चार धोतरवाले वाकून, कान खाली लावून बसलेले. रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. एक शेतकरी तर गाडीबरोबर पळत विचारत होता, "पावणं, काय सांडलंय?"

रंकाळ्याच्या काठी उतारावर गाडी थांबली. आण्णांनी रुमाल टाकला. पहिल्यानं हात घातला. एक बोट. दुसरा आला. एक बोट. तिसरा, एक बोट. गोमटेशनं डोळे मिटून, फार विचार केल्यासारखं करून हात घातला. एक बोट!

"चौघं बी एक!" आण्णांनी आरोळी ठोकली. "पुढचं डावं! आन ते तात्या म्हणं मागचं! जोतीराम, उचल गाडी!"

मिस्त्री सायकलवरून मागोमाग आला होताच. त्यानं गाडी उचलली, पुढचं डावं चाक सोडवलं आणि बाजूला उभं केलं. "आडवं टाक की," असं म्हणायला आण्णांनी तोंड उघडलं तेवढ्यात गोमटेश थकून चाकावर टेकला. गोमटेशच्या वजनाखाली खुर्ची टिकत नाही, तिथं चाक काय टिकणार! गोमटेश बसला आणि चाक निघालं. उतारानं, आधी सावकाश, मग मजेत, मग एका म्हशीच्या दोन पायांमधनं नीट वाट काढून, आणि शेवटी धुणं धुणाऱ्या बायकांच्या डोक्यावर पाणी उडवत ते रंकाळ्यात गेलं. बुडबुडे आले. मग तेही बंद झाले.

"गेलं," गोमटेश म्हणाला.

"दिसलं मला!" आण्णा म्हणाले.

म्हशी धुणाऱ्यांनी बुड्या मारल्या. चिखल निघाला, एक तांब्या निघाला, चाक निघालं नाही. शेवटी गाडीच्या पाठीवरचं जादा चाक काढून बसवलं. जाऊ दे, आण्णा मनाशी म्हणाले, नाहीतरी तेच आवाज करणारं चाक होतं. बुडालं ते बरंच झालं. गाडी सुरू केली. सरळ रस्ता लागला. पाय दाबला.

घूंऽऽऽऽ!

आण्णांनी गाडी थांबवली आणि सावकाश मागं वळून बघितलं.

"चौघांनी एकच बोट दिलासा न्हवं?"

"व्हय की," गोमटेश म्हणाला.

"मग?"

"आवो आण्णा, त्यो पैला हात हुता."

"म्हंजे?"

"पैल्या हाताला खरा आकडा कोण देतंय?" गोमटेशला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "चारचा माल आसला तरी एकापासनंच सुरवात करायची. तुमी मान हलवायची, मग आमी दोन द्यायची, मग तुमी रुमाल वडायचा, मग तीन. तुमी हात झटकलाच न्हाई! आमी वाट बघतोय, आन तुमी सौदा पक्का करून मोकळं! मला तर वाटलं, आण्णांची तब्येत बरी न्हाई."

बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. रुमालाखाली बोट दिलं की बोटं आपसूक खोटं बोलतात. त्यात त्यांचा काय दोष? वीस वर्षांची सवय.

आण्णांनी पुन्हा रुमाल टाकला. या वेळी मान हलवली, रुमाल ओढला, तोंड वाकडं केलं, सगळं रीतसर केलं. शेवटच्या हाताला चौघांनीही चार बोटं दिली. मागचं डावं.

म्हणजे तात्यांनी सांगितलं ते.

आता बघा माणसाची अवस्था. जादा चाक पुढं बसलेलं. पहिलं चाक रंकाळ्यानं गिळलेलं. त्या मापाचा टायर कोल्हापुरात मिळत नाही, मुंबईहून यायला पौर्णिमा उलटून जाईल. कुणाकडं उसना मागावा, तर आण्णांनी मागितलेली वस्तू कोण देणार? आण्णा 'सुई द्या' म्हणाले तर लोक दोरा लपवायचे. आणि तात्यांकडं जाऊन 'तुमचं खरं होतं' म्हणायचं? त्यापेक्षा आण्णा स्वतः चाकाच्या पाठोपाठ रंकाळ्यात गेले असते.

त्या संध्याकाळी आण्णा जेवले नाहीत. पण झोपायच्या आधी ते एकटेच हसायला लागले. राजमतीबाई म्हणाल्या, "काय झालं?"

"राजमती, पैज आवाज बंद करायची न्हाई. पैज हाय ती कुणी इचारायचं न्हाई ही. आन ठावं असलेल्या गोष्टीबद्दल कोण इचारतंय? तुला कुणी इचारलंय कवा, की ह्यो भूपाल असा का म्हून?"

"लई जणांनी," राजमतीबाई म्हणाल्या. पण आण्णा ऐकायच्या पलीकडं गेले होते.

सकाळपासून त्यांनी गाडी पेठेतनं चौकात आणि चौकातनं पेठेत फिरवायला सुरुवात केली. घूंऽऽऽ करत जायचं, घूंऽऽऽ करत यायचं. पहिल्या दिवशी लोक दारात आले. दुसऱ्या दिवशी खिडकीतनं बघितलं. मग बघायचंही सोडलं. पाळण्यातली पोरं त्या आवाजावर झोपायला लागली. दुकानदार आण्णांच्या फेरीवर दुकान उघडायला लागले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आण्णांनी मुद्दाम गाडी थांबवून एका पानवाल्याला म्हटलं, "कसला तर आवाज येतोय न्हवं?" पानवाल्यानं चुना लावता लावता मान हलवली. "कुठाय? मला तर काय ऐकू येत न्हाई."

आण्णांना त्याचा मुका घ्यावासा वाटला.

तात्या हे सगळं ओसरीवरनं बघत होते.

पौर्णिमा उजाडली. आण्णा अंघोळ करून, रेशमी फेटा बांधून, गाडी बसदीच्या बाहेर लावून दर्शनाला गेले. आज देवाशी बरंच बोलायचं होतं, त्यामुळं वेळ लागला. बाहेर आले तर तात्या गाडीत बसलेले. छत्री गुडघ्यांत, टोपी सरळ.

"चला," तात्या म्हणाले.

"चला की! खडू घेतलासा न्हवं? त्रिकोण काढाय लागतील आता."

गाडी निघाली. पेठेतले लोक दोन्ही बाजूंना उभे. पैज सगळ्यांना माहीत होती. सरळ रस्ता लागला. आण्णांनी छाती फुगवली आणि पाय दाबला.

काही नाही.

आणखी दाबला. गाडी लोण्यावरनं सुरी जावी तशी चालली होती. इतकी गप, की तात्यांच्या खिशातलं घड्याळ ऐकू येत होतं. आण्णांच्या कपाळाला घाम फुटला. आणि तेवढ्यात ओट्यावरनं बायडाबाई ओरडली, "आवो आण्णा! आवाज कुठं गेला वो?"

"गप बस!" आण्णा ओरडले.

पण आता कोण गप बसतंय! पानवाला दुकानातनं निम्मा बाहेर आला. "आण्णा, आज आवाज न्हाई?" शिंपी मशिन थांबवून, "आवाज बंद पडला काय?" एक बाई पोराला कडेवर घेऊन गाडीच्या आडवी आली. "आण्णा, पोरगं झोपंना की वो! आवाजाला काय झालं?" चौक येईपर्यंत सबंध कोल्हापूर आवाजाबद्दल विचारत होतं.

गाडी थांबली. आण्णा खाली उतरले, मागं गेले आणि डाव्या चाकाकडं बघितलं. गुळगुळीत टायर. शांत, सज्जन, भूमितीच्या मास्तरासारखा.

"इचलकरंजीला माझा एक जुना विद्यार्थी आहे," तात्या उतरता उतरता म्हणाले. "त्याच्याकडं अशीच गाडी आहे. मी चाक मागितलं, त्यानं दिलं. तुम्ही देवाशी बोलत होता तोवर जोतीरामनं बसवलं. मी सांगितलं होतं तुम्हाला आण्णा. टायरच होता."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आण्णांची खोडी काढली होती; आणि काय काढली होती! खरं सांगून! राग यायला पाहिजे होता. आलाही. पण त्या रागाला हसू इतकं फुटत होतं, की कुठलं आधी बाहेर काढावं ते कळेना.

"चढा," तात्यांनी चहाच्या हॉटेलासमोरच्या बाकाकडं छत्री दाखवली. "सांगा."

आण्णा बाकावर चढले. फेटा नीट केला. चौक भरला होता. मान खाली घालतील, आवाज कापेल, असं कुणाला वाटलं असेल तर त्यानं आण्णांना ओळखलंच नव्हतं. त्यांनी कुस्तीच्या मैदानात जोड पुकारतात तसा हात वर केला.

"ऐका! मी भूपाल मगदूम, पैज हरलो! आजपासनं मी कुणाची खोडी काढणार न्हाई! कुणाला खोटं सांगणार न्हाई! जन्मात न्हाई!"

चौकात एकानं हळूच आपला खिसा चाचपला. दुसऱ्यानं चप्पल उचलून खालनं बघितली. भजीवाला धावत आत गेला आणि पीठ हुंगायला लागला. गोमटेश शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "कायतर लई मोठं दिसतंय ह्या वक्ताला. घरला चला." बघता बघता माणसं एकमेकांपासून दोन हात लांब सरकली आणि पांगायला लागली. जाताना प्रत्येक जण मागं वळून बघत होता.

आण्णा बाकावर तसेच उभे होते. त्यांनी खरं बोलून चौक रिकामा केला होता. सावकाश, गुऱ्हाळावरच्या रसाच्या काहिलीला खालनं जाळ लागावा तशी त्यांच्या डोळ्यांत चमक चढायला लागली.

ते खाली उतरले आणि तात्यांच्या अगदी जवळ गेले. हात जोडले. चेहरा बसदीतल्या मूर्तीसारखा.

"तात्या, एक खरं सांगू? तुमच्या टोपीला मागं कायबी चिकटल्यालं न्हाई."

"माहीत आहे मला," तात्या म्हणाले आणि पाच पावलं ताठ चालत गेले. सहाव्या पावलाला त्यांचा हात मागं गेला. मग त्यांनी टोपी काढली, उलटी केली, सुलटी केली, झटकली, पुन्हा घातली. वळणाशी पोचेपर्यंत ती परत हातात आली होती.

आण्णा गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून, खरं बोलणाऱ्या माणसाच्या शांतपणानं ते बघत राहिले.